आतली कडी

मुलांनो, एक रिकामा कोठा डोळ्यांसमोर आणा. नागपूरजवळ मौद्याकडे गोठ्याला कोठाच म्हणतात. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, एका बाजूला दगडी गव्हाण आणि जमिनीत दोन खुंटे. खुंट्यांना दोर आहेत, पण दोरांना बैल नाहीत. आता नाक जरा पुढे करा. शेणाचा, कुटाराचा म्हणजे भुश्याचा, बैलांच्या अंगाचा वास येतो ना? बैल गेले तरी तो वास जात नाही. आणि दाराकडे बघा. फळ्यांचं दार आहे, त्याला बाहेरून कडी आहे. आतून नाही. बैलाला आतून दार लावायचं कधी काम पडत नाही. एवढं नीट बघून ठेवा, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

हा कोठा आनंदरावांचा. तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं नाल्यातून दगड वाहून आणून बांधलेला. बायको गेली, मग बैल गेले. शेत होतं एकरभर धानाच्या बांध्यांचं, ते ठेक्यानं दिलेलं. त्यातून खायचं धान यायचं. मुलगा धम्मदीप वीज केंद्रातली राख वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि घरी असला म्हणजे झोपलेला असायचा. बाकी घर उभं होतं ते सुनेच्या, सरिताच्या कमरेवर.

आणि एका रोवणीत ती कमरच गेली.

रोवणी म्हणजे काय, ते गुडघाभर चिखलात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. डाव्या हातात पऱ्ह्यांची म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी, उजव्या हातानं रोप चिखलात टोचायचं आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पाठ आभाळाकडे. सरिता अशीच वाकलेली होती आणि तिला वर येताच येईना. बाजूच्या बाया आधी हसल्या. मग त्यांनी तिला तशीच, वाकलेली, उचलून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर नेली. डॉक्टरांनी कमरेचा पट्टा दिला आणि सांगितलं, वाकायचं काम आता बंद.

धानाच्या मुलखात बाईला वाकायचं बंद म्हणजे हात बांधून बसवल्यासारखंच.

पोळा झाला. त्या वर्षी कोठ्यापुढे तोरण नव्हतं. दुसऱ्या दिवशी कृष्णकांत आला. रस्त्यावर त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि आनंदरावांचा कोठा नेमका त्याच रस्त्याला लागून.

"आनंदरावजी, रिकामा कोठा ठेवून काय करता? मले देऊन टाका. मी सिमेंटचं गोडाऊन करतो. एकरकमी पैसा भेटते, सुनबाईच्या कमरेचा इलाज होते."

आनंदराव खाटेवर बसून पायाचा अंगठा चोळत होते. दाराला टेकून उभ्या असलेल्या सरितानं विचारलं, "अन् पैसा सरल्यावर मंग काय इकायचं, भाऊजी?"

शेजारची मनकर्णा विस्तव मागायच्या निमित्तानं येऊन बसली होती. ती म्हणाली, "कुटार भरायले दे वं कोणाले. कुटार काही बोलत नाही, काही मागत नाही."

ट्रकची चाकं धुता धुता धम्मदीप ओरडला, "मोबाइलचा टावर लावू! घरी बसून पैसे येतात म्हणते."

"टावरवाले तुही वाट पाहून राहिले ना," सरिता म्हणाली. मग तिनं दोन दिवस मनात घोळवलेली गोष्ट बाहेर काढली. "मामाजी, दिवाळी झाली की केंद्रात मरामतीचं काम निघते. बाहेरून वेल्डर येतात, फिटर येतात. मागच्या साली ते देवळाच्या ओट्यावर झोपत. आपण कोठ्याची खोली करू. किरायानं देऊ. जागा आपलीच राहते अन् दर महिन्याले काही ना काही देते. गायीसारखी."

"कोठ्यात माणसं?" कृष्णकांत हसला.

आनंदरावांनी अंगठा चोळायचं थांबवलं. ते म्हणाले, "चौदा एप्रिलपर्यंत पाहू. तोवर कोठ्यानं घराले हातभार लावला तं तो राहीन. नाही लावला तं कृष्णकांत, तो तुहा. माहा शब्द हाय."

शब्द म्हणजे शब्द. सरितानं पदर खोचला.

कोठ्याची खोली करायची तर आधी त्याची जमीन काढावी लागते. वर्षानुवर्षं मुरलेली माती धम्मदीपनं फावड्यानं वीतभर खरडली, ती शेतात खत म्हणून गेली. मग मुरूम आला. सरिताला वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं उभ्यानं होईल ते सगळं घेतलं. बांबूला कुंचा बांधून तिनं भिंतींना चुना दिला. चुना कोपरापर्यंत ओघळला, चामडी तडकली. हात वर केला की पट्ट्याखाली कळ उठायची. ती दात आवळून कळ जाऊ द्यायची आणि पुन्हा कुंचा उचलायची. नंदिनी, तिची मुलगी, सहावीत होती. ती शाळेतून आली की मुरमावर पाणी मारून नाचायची. चोपणीचं अर्धं काम तिच्या पायांनीच झालं.

"गव्हाण फोडायची का गा?" धम्मदीपनं घण उचलला होता.

"राहू दे," आनंदराव म्हणाले. "सामान ठेवायले होईन."

दाराकडे मात्र कोणी पाहिलं नाही. दार होतं, कडी होती. झालं.

थंडी पडायला लागली आणि माणसं आली. छत्तीसगडचा बिसाहू, पन्नाशीचा वेल्डर, डोळ्यांच्या कडा कायमच्या लाल. आणि त्याचा भाचा लखन, ओठावर नुकती मिसरूड फुटलेला. खोली पाहून बिसाहू म्हणाला, "बढ़िया है बाबूजी. महीने का बता दो."

"आधी बसा तं जी," आनंदराव म्हणाले. "पाहुणे आले, चहा तं घ्या."

इथेच गाडी रुळावरून उतरली. पहिल्या दिवशी चहा झाला. दुसऱ्या दिवशी भाकर आणि वांग्याची भाजी. मग रोज सकाळी नंदिनीच्या हातून चहाची किटली कोठ्यात जाऊ लागली. नंदिनीचा जन्म त्या कोठ्यात लपाछपी खेळण्यात गेलेला. ती दोन्ही हातांनी किटली धरायची आणि पायानं दार ढकलून आत शिरायची. लखन बिचारा कधी पँट चढवत असायचा, कधी ओल्या अंगानं गमछा शोधत असायचा. "अरे बिटिया! रुको, रुको!" म्हणेपर्यंत ती मध्यभागी उभी. ती हसायची. लखनचे कान लाल व्हायचे.

महिना भरला तेव्हा बिसाहूनं अंगणात येऊन खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या. सरिता चुलीपाशी होती. भाकर तव्यावर तशीच ठेवून ती पाहू लागली. आनंदरावांनी त्याचा हात दोन्ही हातांनी धरून मागे सारला.

"असू द्या जी. आमच्या घरचं अन्न खाल्लं तुम्ही. तुमच्यापाशून पैसे घेऊ का?"

पुढच्या महिन्यातही तेच झालं. बिसाहूची मान खाली. तो नोटा खिशात घालून गेला.

सरिता मिरचीच्या सातऱ्यावर जायला लागली. सातरा म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. बाया ढिगापाशी बसतात आणि मिरचीचे देठ मोडतात. वाकायचं काम नाही, बसायचं. पण घरी आल्यावर हात आगीत घातल्यासारखे. पाण्यात घातले तर आणखी पेटायचे. त्या हातांनी तिला नंदिनीची वेणी घालता येईना, तिचा गाल धरता येईना. नंदिनी स्वतःच वाकडी वेणी घालून शाळेत जायची.

सातऱ्यावर मनकर्णा म्हणाली, "काय वं सरिता, किरायदार ठेवले म्हणे. किराया तं दिसत नाही, चहाचं गंजच मोठं झालं."

बाया हसल्या. सरिताही हसली. दुसरं काय करणार?

कृष्णकांत रस्त्यातून जाताना मोठ्यानं विचारायचा, "धरमशाळा कशी चालू हाय, आनंदरावजी?"

एका संध्याकाळी सरिता सासऱ्यापुढे जाऊन बसली. हात तिनं परातीतल्या ताकात बुडवले होते.

"मामाजी, मी भांडत नाही. पण चौदा एप्रिल येऊन राहिली. तुम्ही काहून पैसे घेत नाही?"

आनंदरावांनी चिमणीच्या धुराकडे पाहिलं. वीज केंद्राच्या चिमण्या त्यांच्या अंगणातूनही दिसायच्या.

"मी तरणा होतो तवा नागपूरले गेलो होतो, गिरणीत लागायले. एका घरी खोली पाहिली. मालकानं बसवलं. चहा देल्ला. मंग आडनाव इचारलं." त्यांचा हात पायाच्या अंगठ्याकडे गेला. "मी सांगतलं. त्यानं कप माह्या हातातून नाही घेतला. म्हणे, जाता जाता बाहेर नळावर धुऊन ठेव. अन् खोली गेलेली हाय म्हणे. मंग तिथंच, इंदोऱ्याच्या वस्तीत, आपल्या नात्यातल्या चोखारामभाऊनं घरातला कोपरा देल्ला. दोन वर्सं राहिलो. एक पैसा नाही घेतला त्यानं. तवाच मी मनात धरलं, माह्या दारात जो येईन त्याले मी नाव नाही इचारणार, अन् जागेचं मोल नाही घेणार. मी किराया मागतो म्हटलं का मले तो मालक आठवते."

सरितानं ताकातून हात काढून पाहिले. सासरा खोटा नव्हता. पण तिचे हातही खोटे नव्हते.

"घर तुमचं हाय, मामाजी," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या हातून नाही होत तं मी मागतो. पण मी कोठा नाही जाऊ देणार. एवढं सांगून ठेवतो."

आणि मग फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला.

आदल्या दिवशी वांदरांची टोळी गावात होती. चिंचेवरून कोठ्यावर, कोठ्यावरून मनकर्णाच्या माळवदावर. कवेलू खडखडले, सरकले. कोणी वर चढून पाहिलं नाही. रात्री वीज कडाडली आणि गारांसकट पाणी कोसळलं.

सकाळी नंदिनी नेहमीसारखी किटली घेऊन गेली, पायानं दार ढकललं आणि आत गेली नाही. जमीन मुरमाच्या चिखलानं भरलेली. छतातून तीन ठिकाणी आभाळ दिसत होतं. आणि बिसाहू आणि लखन गव्हाणीत बसले होते. बैलांच्या गव्हाणीत, गुडघे पोटाशी घेऊन, अंथरुणाची वळकटी मांडीवर धरून. कोरडी जागा तेवढीच होती.

"कुछ नहीं बिटिया," बिसाहू हसला. "चाय रख दो."

नंदिनीनं किटली तिथेच ठेवली आणि धावत आईकडे आली. सरिता कमरेला पट्टा आवळत कोठ्यापाशी पोचली, मागोमाग काठी टेकत आनंदराव. तोवर लखन दोरीनं वळकटी बांधत होता.

"कुठे निघाले?" सरितानं विचारलं.

बिसाहूनं नजर चुकवली. "बहनजी, वो कृष्णकांत सेठ की चाल में एक खोली खाली है. वहीं देख ली है."

"अरे, पण तिथं तं पैसे देणं लागन!" आनंदराव म्हणाले.

"हाँ बाबूजी. देंगे."

"मंग इथं काय कमी पडलं? पाणी गळलं तं मले आवाज नाही द्यायचा? रातभर बसून राहिले?"

बिसाहूनं लखनच्या हातातला दोर घेऊन खाली ठेवला. तो शब्द जुळवत होता. "आवाज कैसे देते, बाबूजी? आप रोटी खिलाते हो, पैसा लेते नहीं. मुफ़्त की छत को टपकती है, कैसे बोलें? मेहमान क्या बोलेगा? किराया देते तो पहले ही दिन एक बात बोलते."

"कोणती बात?"

लखननं दाराकडे बोट केलं आणि मान खाली घातली. "भीतर से कुंडी नहीं है, बाबा. बिटिया सबेरे आ जाती है, और हम गमछा ढूँढते रह जाते हैं."

नंदिनी आईच्या पाठीमागे होती. तिचा चेहरा गरम झाला. रोज ज्या गोष्टीवर ती हसत होती, ती तशी नव्हतीच.

आनंदरावांनी दार ओढलं. आतल्या बाजूनं फळ्यांवर हात फिरवला, वरून खालपर्यंत. बैलांनी शिंगं घासून तिथलं लाकूड गुळगुळीत केलेलं होतं. कडी नव्हती. त्यांनीच दार केलेलं, आणि त्यांनाच माहीत नव्हतं.

ते गव्हाणीच्या कडेवर बसले.

"चोखारामभाऊच्या घरी," ते हळू म्हणाले, जणू स्वतःशीच, "माह्या कोपऱ्यात मोरी होती. थंडीत रातभर पायापाशी वल. दोन वर्सं मी पाय पोटाशी घेऊन झोपलो. भाऊले एक डाव बी नाही म्हटलं. कसं म्हणीन? तो पैसे घेत नव्हता." त्यांनी बिसाहूकडे पाहिलं. "मले वाटे मी तुमचा मान करून राहिलो. अन् तुम्ही बी पाय पोटाशी घेऊन बसले."

छतातून एक थेंब पडला, मग दुसरा.

आनंदराव काठीवर जोर देऊन उठले. आवाज असा काढला की रस्त्यापर्यंत गेला पाहिजे.

"आजपासून किराया घेईन मी. गेल्या महिन्यांचा नाही, आजपासून. अन् कवेलू फेरून देईन, आजच. अजून काही नसन पटत तं तोंडावर सांगा. माह्यावर ओरडा. तुमचा हक्क हाय."

बिसाहूनं वळकटीची गाठ सोडली. "और चाय का पैसा अलग जोड़ लो, बाबूजी."

"चहाचं नाव काढलं तं पाहा मंग!" आनंदरावांनी काठी उगारली, आणि लखन पहिल्यांदाच मोकळं हसला.

त्या दिवशी सरिता सातऱ्यावर गेली नाही. धम्मदीपला झोपेतून उठवून तिनं शिडीवर चढवलं. बिसाहूही पहिली पाळी सोडून वर गेला. दोघं कवेलू काढून, पुसून पुन्हा रचायला लागले आणि सरिता खालून एकेक कवेलू हात उंच करून देत राहिली. कळ उठली की ती थांबायची. गेली की पुढचा कवेलू.

दुपारी ती कृष्णकांतच्या दुकानात गेली.

"एक कडी द्या, भाऊजी. कोयंडा अन् खिळे बी."

"कोठ्याले?" त्यानं डबा उघडला. "जुनी तुटली का?"

"जुनी बाहेरून हाय. ही आतून लावायची."

"आतून?" कृष्णकांतचा हात थांबला. "कोठ्याले आतून कडी कायले पायजे? चौदा एप्रिलले तं..."

"चौदा एप्रिलले मिरवणूक हाय, भाऊजी. दुसरं काही नाही." तिनं कडी हातात घेतली, खालीवर सरकवून पाहिली. घट्ट होती. "अजून एक द्या. कुटार ठेवायची पडवी बी खोली करून राहिलो आम्ही."

कृष्णकांतनं दोन कड्या कागदात गुंडाळल्या. दुकानातून बाहेर पडताना मनकर्णा समोर आली. "काय वं, काय नेऊन राहिली?"

"किराया," सरिता म्हणाली आणि चालू लागली.

कडी आनंदरावांनी स्वतः ठोकली. पहिला खिळा वाकडा गेला. बिसाहूनं हात पुढे केला तर ते म्हणाले, "मालकाचं काम हाय, मालकाले करू दे." मग खिळा उपटून त्यांनी पुन्हा ठोकला. लखननं आतून कडी सरकवली, उघडली, पुन्हा सरकवली. तो खटका ऐकायला त्याला गंमत वाटत होती. सरितानं दारावर हात ठेवून जरा ढकललं. दार हललं नाही. स्वतःच्या सासऱ्याचं दार, आणि ते तिच्या हातानं उघडत नव्हतं. तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं. चुलीवर चहा उकळला. सरितानं किटली भरली आणि नंदिनीच्या हातात दिली. तिच्या वाकड्या वेणीवरून हात फिरवावा असं मनात आलं, पण बोटांची आग अजून पुरती गेली नव्हती.

नंदिनी अंगण ओलांडून कोठ्यापाशी गेली. सवयीनं तिचा उजवा पाय उचलला गेला. तो तसाच हवेत राहिला. मग तिनं तो हळूच खाली ठेवला. किटली उंबऱ्यापाशी जमिनीवर ठेवली, फ्रॉकला हात पुसले आणि बोटांच्या पेरांनी दार वाजवलं.

आणि आतून कोणी "आओ" म्हणेपर्यंत ती बाहेरच उभी राहिली.